सहस्रचंद्रदर्शनाचं शूट आणि 'जाता जाता' काढलेले दोन फोटो

तासाला ८६ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यामुळेच. मागच्या थंडीत एका घरचं फॅमिली पोर्ट्रेटचं काम केलं, सगळं आटोपल्यावर सवयीने वहीत हिशोब मांडला (आधी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला होते, सहा वर्षं, त्यामुळे व्हाउचर टाकल्याशिवाय झोप येत नाही) आणि खाली हा आकडा निघाला. दोनदा बेरीज केली. तोच.

आता वाटेल की ही दर कमी सांगितल्याची रडकथा आहे. थोडी आहे. पण मी तेव्हा दुप्पट पैसे घेतले असते तरी ते काम जिथे अडकलं तिथेच अडकलं असतं, याची मला आता खात्री आहे. का, ते पुढे येईलच.

काम कसं आलं, तर आईच्या भजनी मंडळातल्या एका काकूंचा फोन. त्यांच्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा बघितल्या की हा कार्यक्रम करतात, एक्क्याऐंशीव्या वर्षात. मी उगाच गणित करून पाहिलं होतं, दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, म्हणजे हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि साधारण १० महिने, बरोब्बर बसतं. तर काकूंना कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये लावायला सगळ्या घराचा एक मोठा फोटो हवा होता, आणि "तू काढतेस ना गं फोटो, मग बाहेर कशाला जायचं."

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात. आई गॅसपाशी, हातात झारा, कान पूर्ण माझ्याकडे. माझ्या डोक्यात ८,००० होते. तोंड उघडायच्या आत आईने झाऱ्यानेच 'कमी' अशी खूण केली आणि माझ्या तोंडून ६,५०० निघाले. नंतर व्हॉट्सॲपवर रीतसर पाठवलं, "काकू, २ तास शूट, २५ एडिटेड फोटो, १६ बाय २४ ची एक फ्रेम, एकूण ६,५०० रु." त्यांचं उत्तर: दोन हात जोडलेले, एक फूल, आणि "तू घरचीच आहेस". ॲडव्हान्स मागायची हिंमत झाली नाही. ज्या बाईने मला फ्रॉकमध्ये बघितलंय तिला कसं सांगायचं की काकू, ५० टक्के आधी.

त्या २५ फोटोंबद्दल आत्ताच बोलून घेते. २५ का? कारण गावात सगळे २५ देतात. मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं की तुम्हाला किती लागतात. या घराने त्या पंचवीसपैकी शेवटी चार वापरले. एक फ्रेमचा, एक आजोबांचा एकट्याचा, एक काकूंचा डीपी आणि एक नातवंडांचा जो फ्रिजवर चिकटला. उरलेल्या एकवीस फोटोंना मी मिळून साडेपाच तास दिले होते.

शूटचा दिवस

रविवार, सकाळी सात, गोदाघाट. थंडी अशी की बोटांना शटरचं बटण लागत नव्हतं. नऊ माणसं सांगितली होती, आली चौदा, कारण सिन्नरहून नणंद मुलांसकट आल्या होत्या आणि काकूंचे दीर (पुढे 'काका' म्हणतेय ते हेच), जाऊ आणि त्यांची पुण्यात नोकरी करणारी मुलगी पण. "आता आलेच आहेत तर." बरोबरच आहे, आलेच होते. रामकुंडाच्या बाजूला दशक्रियेचे विधी चालू होते, तिकडे कॅमेरा वळवायचाच नाही हा माझा नियम आहे, म्हणून नारोशंकराच्या देवळाजवळच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवलं. आजोबा कानटोपी काढेनात. सून सांगून झाली, मुलगा सांगून झाला, शेवटी धाकट्या नातवाने जाऊन सरळ खेचली आणि पळाला, आणि आजोबा त्याच्याकडे बघून जे हसले तो फोटो फ्रेमला गेला.

चौदा माणसं म्हणजे काय असतं हे क्लायंटला कळत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने क्लिक तर एकच. २००६ सालचं गणिताचं इग नोबेल, म्हणजे ते गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस, ऑस्ट्रेलियातल्या दोघांना मिळालं होतं, ग्रुप फोटोत कोणाचेच डोळे मिटलेले नसावेत म्हणून किती फोटो काढावे लागतात याच्या हिशोबासाठी. त्यांचा साधा नियम असा की वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. म्हणजे चौदा जणांना पाच क्लिक पुरायला हवेत. त्या दोघांनी सिन्नरची मुलं बघितली नव्हती. मी बावीस काढले आणि तरी शेवटी एकीचं डोकं दुसऱ्या फ्रेममधून उचलून बसवावं लागलं, आणि हे डोकं बसवायचं काम दिसायला सोपं, पण केस, पदर, मागची पायरी सगळं जुळवता जुळवता पाऊण तास जातो. माणूस वाढला की काम वाढतं, आणि माझ्या कोटेशनमध्ये माणसांचा आकडाच नव्हता.

घाटावरून मिसळ खायला गेलो, पैसे काकांनी दिले (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे) आणि मग इंदिरानगरला त्यांच्या घरी, आजोबा-आजींचे घरातले फोटो काढायला. दोन तास केव्हाच संपले होते. मी सॉफ्टबॉक्स मिटत होते तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अगं जाता जाता हिचे पण दोन फोटो काढ ना. स्थळासाठी लागतात."

हिचे म्हणजे पुण्याच्या पुतणीचे.

मला त्या क्षणी माहीत होतं, खोटं कशाला बोलू. स्थळाचा फोटो हे वेगळंच काम आहे. फॅमिली फोटो घरात लागतो, बघणारे घरचेच, कोणाचं पोट दिसलं तरी हसून सोडून देतात. बायोडेटाचा फोटो अनोळखी लोक बघतात, मोबाइलवर, तीन सेकंद, आणि त्या तीन सेकंदांचं टेन्शन आख्ख्या घराला असतं. तो फोटो काढताना खोलीत सहा माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला मान कुठे वळवायची ते माहीत असतं. पण मी काय म्हणाले, "हो काकू, दोनच ना."

तिने पैठणी नेसून यायला पंचवीस मिनिटं घेतली. खिडकीजवळ उभी केली, ८५ ची लेन्स, एफ २.८, मागे पडदा. छान सावळा रंग, हनुवटीवर लहानपणी पडल्याची बारीकशी खूण. आधी अवघडली होती, मग मी सगळ्यांना चहाच्या निमित्ताने आत पाठवलं आणि तिला तिच्या ऑफिसबद्दल विचारलं, तशी खुलली. सत्तरेक क्लिक. त्यातले दोन खरंच चांगले होते, माझ्या वर्षभरातल्या कामात वर लागतील असे.

बाकीचे फोटो कुठेयत?

फ्रेम आणि पंचवीस फोटो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी पोचवले. कार्यक्रम छान झाला, फ्रेमचं कौतुक झालं, मला फेटा बांधला. सोमवारी काकांचा मेसेज: "बाकीचे फोटो कधी देणार? दिवसभर तर काढत होतीस."

एकूण क्लिक ६१३. मी बोलण्याच्या ओघात हा आकडा कोणालातरी सांगितला होता, तीच चूक. त्यांच्या डोक्यात ६१३ वजा २५, म्हणजे ५८८ फोटो मी दाबून ठेवलेत. मी समजावलं की ते डोळे मिटलेले, हललेले, लाइट तपासायला काढलेले असतात. त्यावर, "असू दे ना, आम्हाला चालतील. पेनड्राइव्ह आणून देतो." मग म्हणाले रॉ फाइली दे, म्हणजे कॅमेऱ्यातून निघतात तशा, एडिट न केलेल्या. रॉ कशी उघडायची हे माहीत नव्हतं, पण त्यांच्या मित्राच्या मुलाने सांगितलं होतं की रॉ मागायच्या. पंधरा जीबी. आणि वर, "पैसे दिलेत म्हणजे फोटो आमचेच."

याचं मला उत्तर द्यायचं होतं म्हणून कायदा बघितला, तर काय, काकाच बरोबर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळं काही लिहून ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. आपल्या फोटोग्राफर लोकांतले निम्मे जण फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकून समजतात की हक्क आपलाच. तसं नाहीये. पोर्टफोलिओला, इन्स्टाला फोटो टाकायचा असेल तरी ते आधी लिहून घेतलेलं बरं. पण हक्क कोणाचा हा एक प्रश्न, आणि किती फोटो तयार करून द्यायचे, रॉ द्यायची की नाही, हा दुसरा. तो आपल्यालाच ठरवून लिहावा लागतो. आणि मी लिहिलं होतं ते एक ओळीचं व्हॉट्सॲप.

भांडण नको म्हणून मी त्यातल्या त्यात बऱ्या साठ फोटोंची छोट्या साइजची लिंक पाठवली. डाउनलोड झालं की मला मेल येतो. तो मेल आजपर्यंत आलेला नाही.

पाणी मारुतीच्या छातीला

खरा घोळ त्या दोन फोटोंचा. त्यात पैसे देणाऱ्या काकू, मुलीचे वडील काका, आणि फोटोतली व्यक्ती ती स्वतः. तिघांनाही माझा नंबर माहीत.

पहिलं व्हर्जन मी काकूंना पाठवलं. त्यांनी बदाम पाठवला. मला वाटलं संपलं. रात्री काकांची व्हॉइस नोट, की छानच आलाय पण जरा उजळ कर, घाटावर उन्हाने काळवंडलीये. डिसेंबरची सकाळ, सातचं ऊन. आणि हा फोटो घरातला, खिडकीतला. पण असो. फोटो एडिट करायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये केशरी रंगाचा उजळपणा वाढवणारी एक पट्टी असते, माणसाची कातडी बहुतेक केशरीतच मोडते, ती पट्टी सरकवली की चेहरा उजळतो, दोन मिनिटांचं काम. मग पैठणीची जर पण उजळते, लाकडी खिडकी पण फिकी पडते, मग त्यांना हात लागू नये म्हणून त्या वेगळ्या मास्क करा, मग मान आणि हात जुळवा, कारण चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्या रंगाचे हे कोणालाही कळतं. दोन मिनिटांचा तास होतो तो असा.

दुसरं व्हर्जन काकांना आवडलं. त्यांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. रात्री पावणेबाराला तिचा मेसेज आला, वेगळा, मला एकटीला: "ताई प्लीज माझा रंग बदलू नका ना. भेटल्यावर दिसणारच आहे मी कशी आहे ते. बाबांना सांगू नका मी मेसेज केला."

मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले. अशा वेळी काय करायचं हे कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, तिथे शॅडो-हायलाइट शिकवतात.

मग मी जो शहाणपणा केला तो सांगायलाही लाज वाटते. दोघांच्या मधलं तिसरं व्हर्जन केलं, पट्टी निम्मी सरकवलेली, आणि दोघांना तेच पाठवून गप्प बसले. काका म्हणाले, "अजून थोडं." तिने नुसतं "ओके ताई" लिहिलं, ते नाराजीचं ओके असतं ना ते. चौथ्यात काकूंनी हनुवटीवरची खूण काढायला सांगितली. ती काढली. पाचव्यात तिने ती परत मागितली, "ती मी आहे". नाशिकला पूर आला की आपण आकडे बघत नाही, पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलंय ते विचारतो. चौथ्या व्हर्जनला माझ्याकडे छातीपर्यंत होतं. पाचव्याला मारुती दिसेना.

आणि यातलं एकही मागणं मूर्खपणाचं नव्हतं. हे मला उशिरा कळलं. काका वाईट माणूस नाहीत, त्यांना भीती होती की गोरी हवी म्हणणाऱ्या जगात त्यांच्या मुलीला कोणी तीन सेकंदांत बाजूला सारेल. ती म्हणत होती तेही खरं. गोंधळ माझा होता, कारण मी कोणाचं काम करतेय हेच ठरवलेलं नव्हतं. फोटो काढून घेणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, फोटोत असणारा वेगळा, बघणारा चौथाच. पोर्ट्रेटच्या कामात हे नेहमीच असतं, फक्त बऱ्याचदा ते एकमेकांशी जुळून जातं म्हणून दिसत नाही.

शेवटी लॅपटॉप घेऊन मी सरळ त्यांच्या घरी गेले. फोनवर हे सुटणारं नव्हतं. स्क्रीनवर पहिलं आणि दुसरं व्हर्जन शेजारी शेजारी लावलं आणि म्हटलं की आता तुम्हीच बसून एक ठरवा, आज ठरेल ते फायनल. ती नेमकी घरी आलेली होती, दाराला टेकून उभी. काका बोलायला लागणार तेवढ्यात आजोबा खुर्ची ओढून पुढे आले. आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, नोटांच्या छपाईत, चेकिंगला. आयुष्यभर रंग बघितलेला माणूस. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनच्या इतके जवळ गेले की नाक लागेल, आणि दुसऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हा फिका आलाय. आम्ही असलं शीट बाजूला काढायचो." मग माझ्याकडे बघून, "आणि पास कोण करणार ते आधी ठरवायचं असतं गं. सगळ्यांनीच पास करायला घेतलं तर छापायचं कधी?"

पहिलं व्हर्जन फायनल झालं. खुणेसकट.

पैशाचं काय झालं

मी जादा कामाचं बिल करून नेलं होतं. पाच माणसं जास्त, दीड तास जास्त, बायोडेटाचं काम, व्हर्जनं, सगळे मिळून २,५०० लावले होते, तेही घाबरत. काकूंचा चेहरा पडला. "अगं पण आपलं ६,५०० ठरलं होतं ना." काका म्हणाले मिसळ आम्हीच खाऊ घातली की. ते विनोदाने म्हणाले असतील, मला तेव्हा हसू आलं नाही. वर विचारलं जीएसटीचं बिल आहे का. सेवा देणाऱ्यांना वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, माझं त्याच्या आसपासही काही नाही, ते सांगितलं. बिल मी पर्समध्ये परत घातलं.

निघताना काकूंनी हळद-कुंकू लावलं, ओटी भरली, ब्लाऊजपीस, नारळ आणि एक पाकीट. घरी येऊन उघडलं तर १,००१ रुपये. म्हणजे 'एक्स्ट्रा चार्ज' म्हणून जे पैसे त्यांच्या हातून सुटत नव्हते ते आहेर म्हणून आनंदाने सुटले, आणि मी ते नाकारलं असतं तर त्यांना राग आला असता. यावर मी खूप विचार केला. आपल्याकडे लोक पैसे द्यायला कद्रू नसतात, आधी न सांगितलेला आकडा मागाहून समोर आला की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. पाकीट मी हिशोबात धरलं नाही, ते आजोबांच्या नावाने आईने देवापाशी ठेवलं.

तर हिशोब. जागा बघणं आणि येणं-जाणं दीड तास, शूट साडेतीन, फाइली कॉपी आणि बॅकअप एक, निवड अडीच, घरच्या फोटोंचं एडिटिंग सात, ते दोन फोटो साडेसहा, फोन आणि मेसेज दोन, लॅब आणि फ्रेमवाल्याकडच्या चकरा दोन. एकूण २६ तास. मिळाले ६,५००. त्यातून प्रिंट आणि फ्रेमचे १,९००, लाइट धरणाऱ्या मुलाचे ८००, पेट्रोल वगैरे ३००, राहिले ३,५००. आता कॅमेरा, दोन लेन्सेस, लाइट मिळून २,६०,००० चा माल, चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ६५,०००, सॉफ्टवेअर, हार्डडिस्क, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, इंटरनेटचे ५५,०००. महिन्याला १०,०००. महिन्यात सरासरी आठ शूट होतात, म्हणजे प्रत्येक शूटवर १,२५० चा बोजा. उरले २,२५०, भागिले २६.

दुसरी गोष्ट जास्त झोंबली. आठ शूट गुणिले २६ तास म्हणजे महिन्याला २०८ तास. अंबडला आठ तासांची ड्यूटी गुणिले २६ दिवस, तेही २०८. नोकरी सोडून मी तेवढेच तास भरत होते, फक्त पीएफ नाही आणि दिवाळीचा बोनस नाही.

मग उलटीकडून मांडलं. घरी ३०,००० यायला हवेत, १०,००० खर्च, म्हणजे ४०,०००, भागिले आठ, प्रत्येक शूटमधून थेट खर्च वजा जाता ५,००० सुटलेच पाहिजेत, आणि तास २६ वरून खाली यायला हवेत. तास खाली आणायचा एकच मार्ग दिसला, फोटो कमी आणि निवड क्लायंटकडे. आता मी छोट्या साइजचे प्रूफ पाठवते आणि जे निवडतील तेवढेच तयार करते. आधी निवडीत अडीच तास माझे जायचे, आता त्यांच्या घरात एक संध्याकाळ जाते आणि त्यांना ती आवडते पण.

सध्याचा दर असा आहे: सहा माणसांपर्यंत, दोन तास, त्यांच्या पसंतीचे दहा तयार फोटो, ४,५००. पुढे प्रत्येक माणसाला २५०, प्रत्येक जादा फोटोला ३५०. १६ बाय २४ ची फ्रेम वेगळी, २,८००. स्थळाचा किंवा ऑफिस प्रोफाइलचा फोटो हे स्वतंत्र काम, पाऊण तास, तीन फोटो, एकदा दुरुस्ती, ३,५००, त्यापुढच्या प्रत्येक दुरुस्तीला ४००. निम्मे आधी. रॉ मिळत नाहीत. त्वचेवरचे तात्पुरते डाग काढते, रंग आणि कायमच्या खुणा फोटोतल्या व्यक्तीने स्वतः सांगितल्याशिवाय बदलत नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

काकूंचं तेच काम नव्या दराने मांडून बघितलं, पंचवीस फोटोंसकट १८,०५० होतं. काकूंनी ते कधीच दिले नसते. पण तेव्हा समोर आकडा असता तर त्यांनी बाराच फोटो घेतले असते, १३,५००, आणि बहुतेक पुतणीचं काम पुढे ढकललं असतं, म्हणजे १०,०००. त्यातही वापरले चारच असते. पहिल्या पाच चौकशांपैकी दोन जण नव्या दराला "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. त्यातल्या एका महिन्यात शूट सहाच झाले, मी घाबरले होते, पण वहीत बघितलं तर सहा शूटमध्ये आधीच्या आठपेक्षा जास्त सुटले होते आणि दोन रविवार रिकामे मिळाले.

त्या फोटोचं पुढे काय झालं ते राहिलंच. दोन महिन्यांनी काकांनी मला एक फोटो फॉरवर्ड केला, वधू-वर मंडळाला पाठवलेला. माझाच, पण त्यांनी मोबाइलवरच्या कुठल्यातरी ॲपमध्ये घालून पार पांढराफटक केलेला, खिडकीसकट. खाली "हा पण छान आलाय ना?" मी अंगठा पाठवला. तिच्या डीपीला मात्र खुणेवालाच आहे.

आणि जुना दर काही मेलेला नाहीये. ओळखीने काम येतं तसा ओळखीने दरही येतो. गेल्या आठवड्यात पाथर्डी फाट्यावरून एका ताईंचा फोन, मुलीचे फोटो काढायचेत, "त्या काकूंनी नंबर दिला, म्हणाल्या सगळं मिळून साडेसहा हजारात करते." मी म्हटलं ताई, तो दर आता नाही, पण पैशाचं दोन मिनिटांनी बोलू, आधी सांगा, फोटो कशाला हवेत. म्हणाल्या स्थळासाठी. म्हटलं, आणि फोटो बघून ओके कोण म्हणणार? तुम्ही, मुलीचे बाबा, की मुलगी?

पलीकडे शांतता. मग फोन कानापासून लांब गेल्यासारखा आवाज आला, "अगं ए, इकडे ये जरा, ही ताई काहीतरी विचारतेय."